रसिकांनी उभारलेली पेठ

एखाद्या देशाची कला परमुलखात मान्यता पावली म्हणजे तिच्या प्रसाराचे श्रेय त्या देशाच्या सरकारी धोरणाला, तेथील भांडवलदारांच्या धाडसाला किंवा दूरदर्शी मुत्सद्द्यांच्या योजनेला देण्याचा प्रघात आहे. आणि आपल्या चित्रमालिका हे राष्ट्रीय वैभव आहे असा जो पुकारा जपान सरकारने अलीकडच्या काळात चालवला आहे तो ऐकता, याही बाबतीत तसेच घडले असावे असे कोणाला वाटल्यास नवल नाही. वस्तुस्थिती मात्र उफराटी आहे. ज्यांना आज जगभर ‘ॲनिमे’ या नावाने ओळखतात त्या जपानी चलच्चित्रांची अमेरिकेत व युरोपात जी विस्तीर्ण पेठ आज दिसते, ती पहिल्याने व्यापाऱ्यांनी उभारलेली नाही. व्यापाऱ्यांनी तर हा माल पहिली पंधरा-वीस वर्षे त्याचे कुळगोत्र लपवूनच विकला. ते गोत्र हुडकून काढण्याचे, मूळ भाषेतील प्रती मिळवण्याचे, त्यांचे भाषांतर करण्याचे आणि पदरमोड करून त्या गावोगाव पोहोचवण्याचे काम केले ते विद्यार्थ्यांनी, ग्रंथपालांनी, कारकुनांनी आणि संगणकाच्या नादी लागलेल्या तरुणांनी, आणि तेही बव्हंशी कायद्याच्या नजरेआड.

ही कथा १९६३ पासून सुरू करणे सोयीचे. त्या वर्षाच्या १ जानेवारीस जपानच्या फुजी दूरचित्रवाणीवर ओसामु तेझुका यांची ‘तेत्सुवान आतोमु’ ही मालिका सुरू झाली. तेझुका हे वैद्यकाची पदवी घेतलेले आणि व्यंगचित्रकथांत आधीच कीर्ती मिळवलेले गृहस्थ. परंतु दर आठवड्यास अर्ध्या तासाचा नवा भाग तयार करावयाचा, आणि तोही वाहिनीकडून मिळणाऱ्या तुटपुंज्या मोबदल्यात, हा सौदा कोणाही शहाण्या माणसाने नाकारला असता असाच होता. पडद्यावरील एका सेकंदाच्या चोवीस चौकटींसाठी डिस्नेचे चित्रकार जेथे बारा ते चोवीस चित्रे काढीत, तेथे तेझुकांच्या मुशी नावाच्या चित्रशाळेत आठ चित्रांवर, आणि प्रसंगी त्याहूनही कमी चित्रांवर भागवले जाई. नायकाचे उड्डाण एकदा रंगवले की ते पारदर्शक पत्र्यावरचे चित्र जपून ठेवून दहा भागांत वापरले जाई. चेहरा स्थिर ठेवून फक्त ओठ हलवले जात, किंवा एकाच मोठ्या चित्रावरून कॅमेरा हळूहळू सरकवला जाई. हालचालीची ही गरिबी झाकावयाची कशाने, तर कथेने, चौकटीच्या मांडणीने, ध्वनीने आणि नाट्याने. पुढे ज्या गुणांवर पाश्चात्त्य तरुण लुब्ध झाले त्यांचा उगम असा हिशेबाच्या वहीत आहे, हे ॲनिमेच्या भक्तांना फारसे रुचत नाही, पण ते खरे आहे.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ही मालिका ‘ॲस्ट्रो बॉय’ या नावाने अमेरिकेत अवतरली. एनबीसी या बड्या कंपनीच्या एका शाखेने ती खरेदी केली आणि फ्रेड लॅड यांनी इंग्रजी संवाद घालून ती तिकडच्या मुलांना साजेशी करून दिली. जपानी पाट्या शक्य तेथे वगळाव्या, पात्रांना इंग्रजी नावे द्यावी आणि ही वस्तू कोठून आली याचा उच्चार टाळावा, हा शिरस्ता तेथेच पडला. दुसरे महायुद्ध संपून अठराच वर्षे झाली होती आणि जपानी माल म्हणजे स्वस्त, तकलादू माल अशी समजूत अमेरिकी बाजारात रूढ होती, हे ध्यानात घेता त्या व्यापाऱ्यांना फार दोष देता येत नाही. ‘किम्बा द व्हाइट लायन’, ‘स्पीड रेसर’ या मालिका याच वाटेने आल्या, आणि लक्षावधी मुलांनी त्या अमेरिकी समजूनच पाहिल्या.

आपल्याकडचे उदाहरण याहून वेगळे नाही. १९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी जे ‘जंगल बुक’ दाखवले जाई, आणि ज्याचे गुलजारांनी लिहिलेले शीर्षकगीत त्या पिढीतील मराठी मुलांना आजही तोंडपाठ असते, ती मोगलीची मालिका जपानच्या निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेने १९८९ मध्ये निर्माण केली होती. ब्रिटिश लेखकाची गोष्ट, भारतीय अरण्य, हिंदी गाणे आणि जपानी कुंचला असा तो योग होता. यांतील शेवटचा घटक कोणाच्या गावीही नव्हता.

युरोपात तर गंमत अशी की, जपानी चित्रकारांनी युरोपाच्याच गोष्टी युरोपास परत विकल्या. योहाना स्पिरी या स्विस लेखिकेची ‘हायडी’ घेऊन इसाओ ताकाहाता यांनी १९७४ मध्ये जी मालिका केली, तिच्यासाठी ते आणि त्यांचे सहकारी हायाओ मियाझाकी प्रत्यक्ष स्वित्झर्लंडची डोंगरकुरणे पाहून आले होते. ती जर्मनी, इटली, स्पेन या देशांत इतकी रुजली की, तेथील कित्येक प्रौढांना तिची जन्मभूमी जपान आहे हे आजही सांगावे लागते. हायडीला कोणी हरकत घेतली नाही. हरकत आली ती यंत्रमानवांना. १९७८ च्या जुलैत फ्रान्सच्या ‘आंतेन २’ या सरकारी वाहिनीवर ‘गोल्दोराक’ ही मालिका सुरू झाली. परग्रहावरून परागंदा झालेला राजपुत्र एका अवाढव्य यंत्रमानवाच्या उदरात बसून पृथ्वीचे रक्षण करतो, असे तिचे कथानक. मुले वेडी झाली आणि वडीलधारी मंडळी धास्तावली. लिलियान ल्यूर्सा या मानसशास्त्रज्ञ बाईंनी पाच वर्षांचे मूल गोल्दोराकसमोर एकटे बसते या चिंतेवर १९८१ मध्ये एक पुस्तकच लिहिले. पुढे राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवलेल्या सेगोलेन रॉयाल यांनी १९८९ मध्ये याच विषयावर टीकेची झोड उठवली. इटलीतील इमोला गावच्या सहाशे पालकांनी अशाच यंत्रमानवांच्या मालिकांविरुद्ध १९८० मध्ये तक्रारअर्ज केला, आणि ‘इमोलाचे सहाशे पालक’ हा तिकडे एक वाक्प्रचार होऊन बसला. पालकांची चिंता अगदीच निराधार होती असे म्हणवत नाही, कारण प्रौढांसाठी केलेल्या काही मालिकाही मुलांच्या वेळेत बेलाशक लावल्या जात होत्या. परंतु मूल ज्या गोष्टीसाठी हट्ट धरते ती निव्वळ मारामारी नसते, हे त्या अर्जांवर सह्या करणाऱ्यांच्या ध्यानात आले नाही. त्याच फ्रान्समध्ये २०२१ साली सरकारने अठरा वर्षांच्या प्रत्येक तरुणास सांस्कृतिक खरेदीसाठी तीनशे युरो मंजूर केले, तेव्हा त्यांतून जपानी चित्रकथांची एवढी खरेदी झाली की, वृत्तपत्रांनी त्या योजनेचे ‘मांगा पास’ असे बारसे केले.

आता मूळ मुद्द्याकडे. कुळगोत्र उघडकीस आणणारे लोक कोण होते, आणि त्यांनी ते काम केले कसे? १९७७ च्या मे महिन्यात लॉस एंजेलिस येथे काही विज्ञानकथाप्रेमींनी ‘कार्टून/फँटसी ऑर्गनायझेशन’ या नावाची मंडळी स्थापन केली. तिचे एक प्रमुख फ्रेड पॅटन हे व्यवसायाने ग्रंथपाल होते. त्या शहरात जपानी वस्ती पुष्कळ असल्याने तेथील एका वाहिनीवर जपानी कार्यक्रम लागत, आणि घरी चित्रमुद्रण करण्याची यंत्रे नुकतीच बाजारात आली होती. या दोन योगांत तिसरा एक तांत्रिक योग मिळाला. अमेरिका व जपान या दोन्ही देशांनी दूरचित्रवाणीसाठी एनटीएससी ही एकच प्रणाली पत्करली होती, त्यामुळे टोकियोत मुद्रित केलेली फीत लॉस एंजेलिसच्या यंत्रावर बिनतक्रार चाले. पाल प्रणाली वापरणाऱ्या ब्रिटनला किंवा जर्मनीला ही सोय नव्हती. मग टपालाने देवघेव सुरू झाली. अमेरिकी रसिकांनी ‘स्टार ट्रेक’सारख्या आपल्याकडच्या मालिका मुद्रित करून जपानी मित्रांस पाठवाव्या आणि मोबदल्यात तिकडच्या नव्या मालिका याव्या, असा हा रोखीविना चाललेला व्यवहार होता. महिन्यातून एकदा मंडळी जमत, आणि ज्या भाषेतील एक अक्षर कळत नाही त्या भाषेतील चित्रपट, कोणीतरी टंकलिखित करून आणलेला कथासार हातात धरून, तासन् तास पाहत बसत.

असे काय होते त्या चित्रांत? याचे उत्तर अमेरिकी दूरचित्रवाणीच्या रिवाजात आहे. तेथील कार्टून-मालिकांचा प्रत्येक भाग आपल्यापुरता पुरा असे, कारण स्थानिक वाहिन्यांना भाग वाटेल त्या क्रमाने लावता आले पाहिजेत अशी व्यापाराची अट होती. साहजिकच सोमवारी जे घडले त्याचा मंगळवारी मागमूस उरत नसे, कोणी मोठे होत नसे आणि मरत तर नसेच. जपानी मालिकेत कथा पुढे जाई, शत्रूलाही घरदार आणि दुःख असे, नायकाचा जिवलग मित्र ऐन मध्यावर मरे आणि नंतरच्या प्रत्येक भागात त्याची उणीव भासे. पंधरा-सोळा वर्षांच्या ज्या मुलास बालिश कार्टून नकोसे झाले होते आणि प्रौढांच्या मालिका अजून आपल्याशा वाटत नव्हत्या, त्याला हे सारे आपल्यासाठीच लिहिले आहे असे वाटणे स्वाभाविक होते.

व्यापारी मात्र आपल्याच वाटेने चालले होते. १९७८ मध्ये ‘गाच्चामान’ ही मालिका ‘बॅटल ऑफ द प्लॅनेट्स’ म्हणून आली, तेव्हा ‘स्टार वॉर्स’च्या लाटेवर तिला स्वार करण्यासाठी पृथ्वीवर घडणाऱ्या घटना परग्रहांवर ढकलण्यात आल्या, मारामारीची दृश्ये कापण्यात आली, आणि पडलेली भगदाडे बुजवण्यासाठी मूळ मालिकेत नसलेला एक बडबड्या यंत्रमानव नव्याने चितारून घुसडण्यात आला. १९८५ च्या ‘रोबोटेक’चा किस्सा याहून बोलका आहे. सोमवार ते शुक्रवार रोज दाखवावयाच्या मालिकेस किमान पासष्ट भाग असावेत असा वाहिन्यांचा दंडक होता, आणि ‘मॅक्रॉस’ या मालिकेचे भाग होते छत्तीस. तेव्हा कार्ल मेसेक यांनी परस्परांशी काडीचाही संबंध नसलेल्या आणखी दोन मालिका तिला जोडल्या, संवादांच्या बळावर त्या तिन्हींतील माणसांना एकाच कथेतील लागोपाठच्या पिढ्या ठरवले, आणि पंच्याऐंशी भागांचे एक महाकाव्य सिद्ध केले. शुद्धतावाद्यांनी मेसेक यांना पुढे यथेच्छ शिव्या दिल्या. परंतु न्यायाने बोलावयाचे तर मृत्यू आणि प्रेमाचा त्रिकोण हे दोन्ही त्यांनी शाबूत ठेवले होते, आणि शिव्या देणाऱ्यांपैकी बहुतेकांना मूळ मालिका शोधण्याची बुद्धी ‘रोबोटेक’ पाहूनच झाली होती.

मूळ प्रत शोधण्याची ही असोशी १९९० च्या आसपास एका विलक्षण कुटिरोद्योगाचे रूप घेऊन पुढे आली. त्यास ‘फॅनसब’ म्हणत. जपानमधून लेझर-डिस्क किंवा चांगली फीत मिळवावयाची. जपानी शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याकडून तिचे भाषांतर करून घ्यावयाचे. मग दुसऱ्या कोणीतरी घड्याळाबरहुकूम प्रत्येक वाक्य केव्हा उमटावे आणि केव्हा पुसले जावे याची नोंद करावयाची. अमिगा नावाच्या घरगुती संगणकाला जेनलॉक हे उपकरण जोडले की धावत्या चित्रावर अक्षरे बसवता येत. त्या योगे उपशीर्षकांसह एक मूळ फीत तयार होई आणि तिच्यावरून बाकीच्या प्रती निघत. ज्यास प्रत हवी त्याने कोरी कॅसेट आणि परतीच्या टपालाचा खर्च पाठवावा. दोन-तीन आठवड्यांनी तीच कॅसेट भरून घरी येई. प्रतीवरून प्रत आणि तिच्यावरून आणखी प्रत निघत असल्याने, एकाच चहाच्या भुकटीवर पुन्हा पुन्हा पाणी ओतावे तसा चित्राचा कस उतरत जाई, तांबडा रंग कडांबाहेर ओघळे, आणि खालची अक्षरे कशीबशी वाचावी लागत. कॅसेटच्या आरंभी सूचना असे, की ही प्रत रसिकांनी रसिकांसाठी केली असून विक्रीसाठी अथवा भाड्यासाठी नाही. त्यापुढचा अलिखित दंडक असा, की एखाद्या अमेरिकी कंपनीने त्या कृतीचा रीतसर परवाना घेतल्याचे जाहीर झाले की तिचे वाटप थांबवावयाचे. हा दंडक सर्वांनी पाळला असे नव्हे, नफेखोरही होतेच. पण मूळ हक्कदारांच्या परवानगीविना चाललेल्या या उद्योगाने स्वतःसाठी असा नीतिनियम घालून घ्यावा, ही गोष्ट लक्षणीय आहे.

कोणती कृती खपेल याचा अदमास कंपन्यांना या कॅसेटींवरून फुकटात मिळे, आणि त्या कंपन्या तरी कोणाच्या होत्या? ॲनिमइगोसारख्या आरंभीच्या कित्येक संस्था रसिकांनीच काढलेल्या होत्या. त्यांच्या उपशीर्षकांच्या कॅसेटी इंग्रजी संवाद घातलेल्या कॅसेटींहून बहुधा महाग असत, आणि तरीही जुने रसिक त्याच घेत. कोणता प्रकार श्रेष्ठ यावर त्या काळी जी वादावादी झाली तिच्यात शास्त्रार्थापेक्षा आढ्यतेचा भागच अधिक होता. पुढे एकाच डीव्हीडीवर दोन्ही भाषा सामावू लागल्या आणि वादाचे मूळच नाहीसे झाले. दरम्यान कात्सुहिरो ओतोमो यांच्या ‘अकिरा’ने चित्रपटगृहांतून आणि ‘घोस्ट इन द शेल’ने व्हिडिओच्या दुकानांतून असा प्रेक्षक मिळवला, की ज्याला हे जपानी आहे हे लपवण्याची गरज तर नव्हतीच, उलट तेच त्याचे आकर्षण होते. १९९२ पासून भरू लागलेल्या ‘ॲनिमे एक्स्पो’ या मेळाव्यास आज लॉस एंजेलिसमध्ये लाखाहून अधिक माणसे लोटतात, आणि त्यांतील कितीएक आपल्या आवडत्या पात्राचा पोशाख महिनोन् महिने खपून स्वतः शिवून येतात.

मियाझाकींचा अनुभव या संक्रमणाची दोन टोके दाखवतो. त्यांच्या ‘नाउसिका’ या चित्रपटातून वीस मिनिटांहून अधिक भाग कापून, नायिकेचे नाव बदलून, १९८५ मध्ये तो ‘वॉरियर्स ऑफ द विंड’ या नावाने अमेरिकेत खपवला गेला होता. त्या कटू आठवणीमुळे, १९९६ मध्ये त्यांच्या चित्रपटांच्या वितरणासाठी डिस्नेशी करारनामा झाला तेव्हा एकही दृश्य कापता येणार नाही हे कलम त्यात आवर्जून घालण्यात आले. आणि ‘प्रिन्सेस मोनोनोके’च्या अमेरिकी वितरकास निर्माते तोशिओ सुझुकी यांनी एक सामुराई तलवार नजर करून, कापाकापी चालणार नाही हे बजावले. २००३ मध्ये मियाझाकींच्याच ‘स्पिरिटेड अवे’ला ऑस्कर मिळाले, आणि २०२४ मध्ये ‘द बॉय अँड द हेरॉन’ला पुन्हा.

लहान मुलांच्या दुनियेत मात्र कात्री चालूच राहिली. १९९८ मध्ये अमेरिकेत आलेल्या ‘पोकेमॉन’मध्ये पात्रे भाताचे त्रिकोणी मुटके, त्यावरच्या काळ्या शेवाळपट्टीसकट, हातात धरून जॅम भरलेल्या डोनटची तारीफ करतात; पडद्यावर दिसते काय आणि कानावर येते काय याची ही विसंगती सात वर्षांच्या मुलासही कळे. त्याच पिढीने ‘कार्टून नेटवर्क’वर ‘ड्रॅगन बॉल झी’ पाहिली आणि मोठेपणी आंतरजालावर मूळ रूपे धुंडाळली.

आंतरजालाचा अध्याय थोडक्यात आटोपता येतो, कारण त्यात कथा कमी आणि वेग जास्त आहे. कॅसेटीस जे आठवडे लागत तेथे आता तास पुरू लागले, आणि त्याबरोबर जुना संयमही सुटला. २००६ मध्ये बर्कली येथील विद्यापीठातून बाहेर पडलेल्या काही तरुणांनी ‘क्रंचीरोल’ हे संकेतस्थळ सुरू केले. आरंभी त्यावर बहुतांशी विनापरवाना मालच होता. २००९ च्या जानेवारीत त्यांनी टीव्ही टोकियोशी करार करून विनापरवाना मजकूर काढून टाकला, आणि जपानात भाग लागल्यानंतर तासाभरात तो उपशीर्षकांसह अमेरिकेत दाखवण्याची सोय झाली. २०२१ मध्ये सोनीच्या ताब्यातील कंपनीने क्रंचीरोल ११७ कोटी ५० लाख डॉलरांस विकत घेतले. घरी चित्रमुद्रण करणे हा गुन्हा नव्हे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात १९८४ साली पाच विरुद्ध चार मतांनी मिळवणारी बेटामॅक्स यंत्राची निर्माती सोनीच होती, हे लक्षात घेतले म्हणजे यंत्रही तिचे आणि त्या यंत्राच्या आश्रयाने वाढलेली पेठही अखेर तिचीच, असा हा योगायोग दिसतो.

२०२० मध्ये जपानी चलच्चित्र-व्यवसायाचे परदेशांतील उत्पन्न प्रथमच स्वदेशातील उत्पन्नाहून अधिक भरले, आणि २०२३ मध्ये एकंदर उलाढाल ३ लाख ३४ हजार कोटी येनांवर गेली. या आकड्यांवरून चित्रशाळांत सुबत्ता आली असा तर्क करण्याचा मोह होतो. पण तेथील व्यवस्था निराळी आहे. प्रकाशक, वाहिनी, खेळणी-कंपनी, ध्वनिमुद्रिका-कंपनी असे अनेक भागीदार मिळून एक निर्मिती-समिती बनवतात, भांडवल तिचे आणि नफाही तिचा. चित्रशाळेस बहुधा ठरीव रक्कम मिळते, आणि दोन मुख्य चित्रांमधील हालचालीची चित्रे काढणाऱ्या नवशिक्या चित्रकारास दर चित्रामागे मोजून मजुरी मिळते. चित्रकारांस नियमित पगारावर ठेवणारी क्योटो ॲनिमेशनसारखी संस्था हा अपवाद. १८ जुलै २०१९ रोजी तिच्या इमारतीस आग लावण्यात येऊन छत्तीस माणसे दगावली, तेव्हा अमेरिकेतून सुरू झालेल्या एका मदतनिधीत रसिकांनी वीस लाख डॉलरांहून अधिक रक्कम जमवली. तेवढे औदार्य सोडले तर पाश्चात्त्य रसिकाने भरलेल्या मासिक वर्गणीतील फारच थोडे चित्र काढणाऱ्या हातापर्यंत पोहोचते. म्हणून परदेशी उत्पन्नाचे हे भव्य आकडे वृत्तपत्रांत वाचावयास मिळतील तेव्हा, ते जपानी चित्रकाराचे उत्पन्न आहे असे वाचकांनी कृपा करून समजू नये.